बायजाबाईची खोली

मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, म्हणजे नवतपा लागला की नागपुरातला शहाणा माणूस भर दुपारी घराबाहेर पडत नाही. पडायचीच वेळ आली तर डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून पडतो. रुपराव डोंगरे मात्र या नवतप्याची वर्षभर वाट पाहायचा. अख्खं शहर एखादा ढग दिसतो का म्हणून आभाळाकडे डोळे लावून बसलेलं असताना हा गडी कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात उभा राहून, ढग येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून असायचा. संशोधक म्हणजे उलट्या काळजाचा माणूस, असं त्याचे सहकारी चहा पिताना म्हणायचे. रुपरावही त्यांच्याबरोबर हसायचा.

१९७८ सालची ही गोष्ट. रुपराव अभियांत्रिकी कॉलेजात यंत्र विभागाचा अधिव्याख्याता होता आणि विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी नाव नोंदवून बसला होता. विषय होता कूलर. आता कूलर हा काय संशोधनाचा विषय झाला, असं ज्याला वाटेल त्याने मे महिन्यात नागपूरला येऊन राहावं. धरमपेठेतल्या बंगल्यांच्या खिडक्यांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचे कूलर लागले होते, पण टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याने काय करायचं? खस महाग, पाणी महाग, वीज त्याहून महाग. रुपरावने अंबाडीच्या वाखाची ताटी बनवली. खसपेक्षा कितीतरी स्वस्त, पाणीही कमी पिणारी. ती टिनाखालची खोली खरोखर थंड करते, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. आणि ते सिद्ध करायचं तर उन्हाळा कसा पाहिजे? नवतप्यासारखाच.

त्यासाठी त्याने प्रयोगशाळेच्या मागे एक खोली बांधून घेतली होती. वर टिन, विटांच्या उघड्या भिंती, एक दार, एक काचेची खिडकी, एका भिंतीत कूलर आणि समोर हवा बाहेर जायला झरोका. खोली किती लांब, किती रुंद, छप्पर किती खाली, हे त्याने पुस्तकातून काढलं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात तो टेप घेऊन शहरातल्याच इंदोऱ्याच्या वस्तीत गेला आणि त्याने बायजाबाईचं घर मोजलं. बायजाबाई म्हणजे त्याच्या मोठ्या बाबांची, थोरल्या काकांची बायको, त्याची मोठी माय. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा या बाईने बिड्या वळून वळून त्याला इंजिनिअर केलं होतं. टेप धरायला तीच पुढे आली होती.

"माह्यं घर मोजून काय करतं गा?" तिने विचारलं.

"असंच घर कॉलेजात बांधतो, मोठी माय. अन् थंड करून दाखवतो. झालं की पहिले तुलेच नेऊन बसवतो त्याच्यात."

बास. दुसऱ्या दिवसापासून बायजाबाईचं घर कॉलेजात बांधून राहिले, ही बातमी नळावर, विहारात, बिडीच्या कारखान्यात, सगळीकडे झाली. कोणी खोटं मानलं की बाई त्याच्यावर वसकन धावून जायची.

खोलीत माणसं पाहिजेत, कारण घरात माणसं असतात आणि माणसाचं अंग गरम असतं. पण जिवंत माणसाचा काही भरवसा नाही. तो उठतो, बसतो, दार उघडतो, घामाघूम होतो, आणि थर्मामीटरचा पारा त्याच्या मागे नाचत सुटतो. म्हणून सगळीकडच्या प्रयोगशाळांत करतात तसं रुपरावने माणसांच्या जागी विजेचे बल्ब लावले होते. बसलेल्या माणसाच्या अंगातून जेवढी ऊब निघते तेवढी एक बल्ब देतो. घरातली जितकी माणसं तितके बल्ब. घरात जिथे चूल होती तिथला बल्ब दाखवून तो विद्यार्थ्यांना गमतीने म्हणायचा, "ही आमची मोठी माय." पोरं हसायची. दाराच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या असायच्या, आणि सकाळी बंद झालेलं दार ऊन उतरेपर्यंत उघडायचं नाही, हा नियम. खिडकीच्या काचेतून आतले थर्मामीटर वाचायचे आणि लिहायचे. मध्येच दार उघडलं की तो अख्खा दिवस वाया.

आणि वाया घालवायला दिवस उरले नव्हते. मागच्या वर्षी नवतप्यातच वळवाचा पाऊस कोसळला होता. यंदा सुरुवातीला वीज जायची, मग पंप जळाला. विद्यापीठाने दिलेली मुदत या वर्षाअखेर संपत होती. आभाळ सकाळी कसं निघेल याचा नेम नव्हता. त्या दिवशी मात्र सगळं जुळून आलं. ऊन असं तापलं होतं की निंबाखालचं कुत्रंही जीभ बाहेर काढून पडलेलं. वीज होती. पंप चालत होता. अंबाडी मन लावून पाणी पीत होती. बाहेरचा पारा चढत होता आणि आतला तसूभर हलत नव्हता. रुपराव स्टुलावर बसून काचेतून आत बघत होता आणि मनातल्या मनात नाचत होता.

नेमकी तेव्हाच बायजाबाई आली.

एकटी नाही आली. शेजारची कांताबाई बरोबर होती. कांताबाई बिडीच्या कारखान्यात बायजाबाईच्या पाटाला पाट लावून बसणारी, जिभेने तिखट, आणि कॉलेजातल्या या घरावर पहिल्या दिवसापासून शंका घेणारी. आज तिला दाखवायचंच, या इरेला पेटून बायजाबाई तिला बसमध्ये घालून, पुढे उन्हातून चालवत घेऊन आली होती. दोघींच्या डोक्यावर ओले पदर. बायजाबाईचं तोंड लालबुंद झालेलं, पण हसू मावत नव्हतं.

"हे पाह्य वं," ती लांबूनच ओरडली. "हे माह्यं घर. टिन बी तसंच हाय का नाही?"

आणि ती थेट दाराशी आली, चपला काढल्या आणि तिने कडीला हात घातला.

रुपराव स्टुलावरून उडालाच. तिचा हात धरून त्याने मागे ओढला. प्रयोगशाळेतला परिचर तिथे उभा होता, एम.ई.चे दोन विद्यार्थी होते. त्यांच्यासमोर रुपरावच्या तोंडून वस्तीची भाषा निघत नसे, आणि या क्षणीही निघाली नाही.

"थांब! हात लावू नकोस. तू आत आलीस की सगळं बिघडतं."

तो खोटं काहीच बोलला नव्हता. वाक्य शास्त्राला धरून होतं. पण बोलून झाल्यावर त्याने जे पाहिलं ते तो पुढे जन्मभर विसरू शकला नाही. बायजाबाई मागे सरली. का म्हणून विचारलं नाही, रागावली नाही. हात अंगाशी घेतला, पदर आवरला, चपला उचलल्या आणि दारापासून दूर, सावली जिथे संपत होती तिथे जाऊन खाली मान घालून उभी राहिली. असं उभं राहायला तिला कोणी शिकवावं लागलं नाही. लहानपणी गावात पाटलाच्या विहिरीवर, कोणी वरून पाणी ओतेल म्हणून घागर घेऊन ती तासन् तास अशीच उभी राहायची. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून, रुपरावला कडेवर घेऊन ती दीक्षेला गेली, आणि त्या दिवसापासून ती कोणासाठी पाऊलभर मागे सरली नव्हती. नळावर भांडायची, रेशनच्या दुकानात भांडायची, मुकादमाशी भांडायची. आज ती मागे सरली. तिच्या अंगाला ते सगळं पाठ होतं.

रुपरावच्या कानशिलात कोणीतरी मारल्यासारखं झालं. तो तिच्याजवळ गेला आणि हळूच आपल्या बोलीवर आला.

"तसं नाही वं, मोठी माय. मीटर लावून राहिलो आत. दार उघडलं की आकडा बिघडते. उन्ह उतरलं की दाखवतो. तोवर निंबाखाली बस."

"हाव, हाव. तुयं काम कर तू," ती म्हणाली. "आमाले काय घाई हाय? बसतो आमी."

 कांताबाईने रुपरावकडे असं पाहिलं की त्याने नजर फिरवली. परिचराने माठातलं पाणी आणून दिलं. दोघी निंबाखाली बसल्या. निंबाखाली सावली होती, पण झळ सावलीला विचारून येत नाही. रुपराव परत स्टुलावर बसला आणि काचेतून पाहू लागला. आत चुलीजवळचा बल्ब गारव्यात जळत होता. त्याला तिकडे पाहवेना. पण आकडे सुरेख येत होते, आणि आकड्यांत जीव गुंतला की माणसाला बाकीचं विसरता येतं. निदान तसं सोंग तरी आणता येतं.

तेवढ्यात विभागप्रमुखांची गाडी आली.

डॉ. केळापुरे मोठे सज्जन गृहस्थ. इतर कोणी घ्यायला तयार नव्हतं तेव्हा त्यांनी रुपरावला विद्यार्थी म्हणून घेतलं होतं, आणि ते त्याला कधीही ऐकवलं नव्हतं. आज त्यांच्याबरोबर बन्सीलाल शेठ आणि त्यांची पत्नी होती. शेठचं लकडगंजला लाकडाचं मोठं दुकान. आता हिंगण्याला कूलरचा कारखाना टाकायचं त्यांच्या मनात होतं, म्हणून सर त्यांना ही अंबाडीची करामत दाखवायला घेऊन आले होते. तिघेही घामाने निथळत होते.

"काय डोंगरे, चाचणी चालू आहे ना?" सरांनी विचारलं. "शेठना जरा आत बसून पाहायचं होतं. आत गेलं तर काही बिघडणार नाही ना? बिघडणार असेल तर सांगा हो, संध्याकाळी येऊ."

सरांनी सरळ विचारलं होतं. बिघडतं सर, संध्याकाळी या, एवढं म्हणायचं होतं. सर वळून गेले असते, एका शब्दाने रागावले नसते. रुपरावलाही हे ठाऊक होतं. पण मोठ्या माणसाला नाही म्हणायला जी जीभ लागते ती रुपरावला अजून फुटली नव्हती.

"नाही सर, काय बिघडतंय त्यात? या ना," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने फटींतल्या चिंध्या ओढून काढल्या.

दार उघडलं. आतला गारवा बाहेर आला तसं शेठच्या तोंडून 'वाह' निघालं. तिघे आत गेले. आत बसायला काही नव्हतं. खुर्च्या पलीकडच्या वर्गात होत्या, आणि वर्गातून येण्याची वाट निंबाखालून होती. रुपराव दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन मान खाली घालून त्या दोघींच्या समोरून निघाला. तिसरी खुर्ची काखेतून घसरत होती.

बायजाबाई उठली. "पडन ना गा. दे, एक मी धरतो."

तिने खुर्ची घेतली आणि त्याच्या मागे मागे दारापर्यंत आली. रुपरावने आतून हात पुढे करून ती घेतली. तिच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही. ती उंबऱ्याबाहेर थांबली, आत एकवार डोकावून पाहिलं, आणि परत निंबाखाली जाऊन बसली.

दार उघडंच राहिलं. परिचर सरबत घेऊन आला. शेठाणी म्हणाल्या, "भाईसाब, हवा जरा इधर कर दो ना." रुपरावने कूलरच्या पट्ट्या त्यांच्याकडे वळवल्या. शेठ ताटीला बोट लावून बघत होते, चालेल, खपेल, म्हणत होते. सर विद्यार्थ्याचं कौतुक करत होते. रुपराव हसत होता, मान डोलावत होता, आणि आतला पारा सरसर चढत होता. निंबाखालून हे सगळं दिसतं हे त्याला पाठीने कळत होतं. त्या दिशेला वळायची त्याची छाती झाली नाही.

मंडळी निघाली. "छान! आजचं रीडिंग चांगलं मिळालं ना?" गाडीत बसता बसता सरांनी विचारलं.

"हो सर," रुपराव म्हणाला.

गाडीची धूळ खाली बसली. आता निंबाकडे जायलाच हवं होतं. तो गेला. कांताबाई वाटच पाहत होती.

"आमच्यानं बिघडते अन् त्याहिच्यानं नाही बिघडत, काहून गा रुपराव? आमचं आंग काय जास्त गरम हाय?"

  बायजाबाईनेच कांताबाईला दटावलं.

"चूप वं! साहेब लोक होय ते. त्याहीले नाही म्हणून चालते का? त्याची नवकरी हाय."

"चाल ना मोठी माय आत," रुपराव म्हणाला.  "आता बसा दोघी. कितीक वेळ बसा."

"आता नको बापू. बस निघून जाईन." तिने पदर पुन्हा डोक्यावर घेतला. मग तोंड जवळ आणून, कांताबाईला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "तू मनाले लावून घेऊ नोको. मी कोनाले नाही सांगत."

दोघी उन्हातून फाटकाकडे चालू लागल्या. रुपराव त्यांना थांबवू शकला असता, रिक्षा आणू शकला असता. तो उभा राहिला. 

दुसऱ्या दिवशी ऊन आणखी कडक पडलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. वीज गेली नाही, ढग आले नाहीत, दार बंद राहिलं. रुपरावला हवे होते त्याहून सरस आकडे मिळाले. तो बिघडलेला दिवस त्याने सरळ सोडून दिला, आणि प्रबंधात त्याचं नावनिशाण उरलं नाही. म्हणजे त्या दिवशी मोठी माय आत येऊन बसली असती, चांगली संध्याकाळपर्यंत पाय पसरून बसली असती, तरी काडीचंही नुकसान झालं नसतं. हे जसं त्याच्या लक्षात आलं तसं त्याला जेवण गोड लागेना.

रविवारी त्याने मनाशी ठरवलं, जायचं आणि पाय धरायचे. सकाळीच तो इंदोऱ्याला गेला. विहारातली वंदना नुकतीच आटोपली होती आणि माणसं बाहेर ओट्यावर गप्पा मारत बसली होती. बायजाबाई मध्यभागी होती. कांताबाई जरा बाजूला सुपात तांदूळ घेऊन निवडत होती. रुपरावला पाहताच रेल्वेतून रिटायर झालेले शालिकराम काका उठून पुढे आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"वा रे पठ्ठ्या! पोरगा असावा तं असा. आपल्या मायले कॉलेजात नेऊन साहेबाच्या खुर्चीवर बसवलं तुनं."

रुपरावला काही कळेना. त्याने बायजाबाईकडे पाहिलं. ती हसत होती.

"अन् सरबत पाजलं म्हने," एक बाई म्हणाली. "काचीच्या गिलासात."

"पाजलं ना," बायजाबाई म्हणाली. "लय थंड होतं. दात ठनकले माह्ये. मोठे साहेब बी होते तवा. मले म्हने, बाई, तुमच्या पोरानं नाव काढलं."

त्याने त्या शेठशेठाणीसाठी जे जे केलं होतं ते सगळं तिने निंबाखालून नीट पाहून घेतलं होतं, आणि घरी आणून, एकेक करून, त्याच्या नावावर जमा केलं होतं. वस्तीला ती चार दिवस हेच सांगत होती. रुपरावने तोंड उघडलं. असं नाही झालं, असं म्हणायला तो आला होता. पण ओट्यावरची सगळी माणसं त्याच्याकडे कौतुकाने बघत होती, आणि त्या कौतुकात बायजाबाई ताठ मानेने बसली होती. आता खरं सांगायचं म्हणजे तिला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं. आणि न सांगायचं म्हणजे तिने दिलेलं हे दान पदरात घेऊन गप्प बसायचं. दोन्हीकडून तो मेला होता.

"आमाले वाटलं, तिथं गेला की बायजाबाईले इसरते का काय हा," शालिकराम काका म्हणाले.

"इसरते कसा?" बायजाबाई म्हणाली. मग तिने रुपरावकडे तोंड वळवलं आणि लहानपणी शाळेतली कविता पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायला सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "सांग ना गा रुपा त्याहीले. मशीनची हवा कशी वळवली होती तुनं माह्याकडे, तं सांग."

सगळे ऐकायला थांबले. कांताबाईचा सुपातला हात थांबला.

"हाव," रुपराव म्हणाला. "वळवली होती."

कांताबाईने सूप उचललं आणि ती आपल्या घराकडे निघून गेली.